डबल नेक गिटारची प्रतिकृती घडविताना

शिवाजी पेठ म्हटले, की तालमी, फुटबॉलचे संघ, मर्दानी खेळ आणि रंकाळ्याचा काठ आठवतो. विद्युत गिटार या यादीत सहसा येत नाही. पण गणेशोत्सवातील वाद्यवृंदांपासून महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांपर्यंत हे वाद्य कोल्हापुरात कित्येक वर्षे वाजते आहे, आणि ते वाजविणाऱ्यांच्या मनात एक गिटार हमखास घर करून असते : एकाच धडावर दोन नेक बसविलेली, लाल रंगाची, अठरा तारांची 'डबल नेक'. अमेरिकेतील गिब्सन कंपनीच्या 'ईडीएस-१२७५' या प्रारूपाच्या जुन्या गिटारी आता संग्राहकांच्या हाती गेल्या आहेत. त्यामुळे तिची प्रतिकृती घडविणे हा जगभरातील हौशी कारागिरांचा आवडता उद्योग झाला आहे. तशी गिटार आपल्या भागात घडवायची झाली, तर काय लागते, त्यातले काय इथेच मिळते आणि घोडे नेमके कोठे अडते, याचा हा आढावा.

दोन नेक कशासाठी?

सहा तारांच्या गिटारचा आवाज नेमका आणि धारदार असतो. बारा तारांच्या गिटारमध्ये तारा जोडीजोडीने लावतात. वरच्या दोन जोड्या एकाच स्वरात, तर खालच्या चार जोड्यांत एक तार मूळ स्वराची आणि दुसरी तिच्या वरच्या सप्तकातील. त्यामुळे नाद भरीव आणि झुलता होतो. ध्वनिमुद्रणाच्या वेळी ही दोन वाद्ये वेगवेगळी वाजवून एकत्र करता येतात. रंगमंचावर मात्र गाणे चालू असताना एक गिटार उतरवून दुसरी गळ्यात घालण्यास वेळ नसतो.

'लेड झेपलिन'चा गिटारवादक जिमी पेज याच्यापुढे १९७१ मध्ये हीच अडचण उभी राहिली. 'स्टेअरवे टू हेवन' हे गाणे त्याने स्टुडिओत वेगवेगळ्या गिटारींवर ध्वनिमुद्रित केले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये बेलफास्ट येथे ते पहिल्यांदा प्रेक्षकांसमोर सादर झाले आणि पुढे ते वाजविताना पेजच्या गळ्यातील लाल डबल नेक ही त्या गाण्याची ओळखच बनली. ज्या गिटारमुळे हे गाणे डोळ्यांसमोर येते, ती मूळ ध्वनिमुद्रणात नाही, ही गंमत अनेक चाहत्यांनाही ठाऊक नसते. 'ईगल्स'च्या डॉन फेल्डरने 'हॉटेल कॅलिफोर्निया'साठी रंगमंचावर पांढरी डबल नेक घेतली, तीही याच कारणाने.

भारतीय संगीताच्या रसिकांना जवळचे वाटेल असे नाव जॉन मॅकलॉफलिन यांचे. मुंबईत जन्मलेल्या उस्ताद झाकिर हुसेन यांच्याबरोबर 'शक्ती' स्थापन करण्यापूर्वी 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'त ते ईडीएस-१२७५ वाजवीत. नंतर रेक्स बोग या कारागिराने त्यांच्यासाठी 'डबल रेनबो' नावाची दोन नेकची गिटार घडविली. 'शक्ती'तील व्हायोलिनवादक एल. शंकर यांनी १९८० मध्ये दोन नेकचे व्हायोलिन करवून घेतले. एका धडावर दोन वाद्ये बसविण्याची ही ओढ केवळ रॉक संगीतापुरती नव्हती, हे यावरून दिसते.

गिब्सनने १९५८ मध्ये ही गिटार प्रथम दिली, तेव्हा ती आतून पोकळ होती आणि केवळ मागणीनुसार बनत असे. त्यापूर्वी १९५४ मध्ये सेमी मोझली या कारागिराने जो मॅफिस या वादकासाठी दोन नेकची विद्युत गिटार केली होतीच. साधारण १९६२ पासून गिब्सनने पोकळ धड सोडून 'एसजी' पद्धतीचे, दोन्ही बाजूंना शिंगे असलेले भरीव लाकडी धड घेतले. आज प्रतिकृती होते ती बहुतेक वेळा याच रूपाची. वर बारा तारांचा नेक, खाली सहा तारांचा. प्रत्येकावर वीस फ्रेट. एकूण चार पिकअप. कोणता नेक बोलता ठेवायचा, हे ठरविणारी एक कळ आणि कोणता पिकअप, हे ठरविणारी दुसरी. पहिली कळ मधोमध ठेवली, तर दोन्ही नेक एकदम जागे राहतात आणि न वाजविलेल्या नेकच्या ताराही तरफेसारख्या झंकारतात.

आधी ठरवा, कोणाची प्रतिकृती

हौशी कारागिराची पहिली चूक येथेच होते. 'ईडीएस-१२७५ ची प्रतिकृती' असे म्हणून भागत नाही. कोणत्या वर्षाची आणि शक्यतो कोणत्या एका गिटारची, हे ठरवावे लागते. साठच्या दशकाच्या पूर्वार्धात गिब्सनच्या गिटारचे डोके नेकपासून १७ अंशांनी मागे झुकलेले असे. १९६६ च्या सुमारास हा कोन १४ अंशांवर आला. १९६५ च्या आसपास नटची, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची, रुंदीही १ ११/१६ इंचावरून १ ९/१६ इंचावर उतरली. आकड्यात हा फरक इंचाच्या आठव्या भागाचा आहे. हाताला तो पहिल्याच स्वरमेळात जाणवतो. जुन्या गिटारींचे नेक महोगनीचे, तर नंतरच्या बऱ्याच गिटारींचे मेपलचे आहेत. छायाचित्र एका वर्षाचे, मापे दुसऱ्या वर्षाची आणि लाकूड तिसऱ्याच वर्षाचे, अशी खिचडी झाली, तर गिटार कदाचित चांगली वाजेल, पण प्रतिकृती म्हणता येणार नाही.

एखाद्या विशिष्ट वादकाच्या गिटारची प्रतिकृती करायची, तर त्या वादकाने तिच्यावर केलेले अत्याचारही उतरवून घ्यावे लागतात. फेल्डरने आपल्या गिटारला भोक पाडून दुसरा आउटपुट जॅक बसविला होता, म्हणजे बारा तारांचा आवाज वेगळ्या ॲम्प्लिफायरकडे नेता यावा. गिब्सनने २०१० मध्ये त्या गिटारच्या १५० प्रती काढल्या, तेव्हा हा जादा जॅकही कारखान्यातच बसवून दिला. एकाने गरजेपोटी पाडलेले भोक दुसऱ्यांना विकत मिळाले. पेजच्या गिटारच्या २०२३ मध्ये काढलेल्या प्रती तर अवघ्या ५० होत्या आणि किंमत सुमारे ५० हजार डॉलर. मूळ कंपनीच इतकी किंमत लावते, तेव्हा चाहते स्वतः करवत हाती घेतात, यात नवल नाही.

पाहून घडविण्याची परंपरा

एखादी विदेशी वस्तू पाहायची, तिचे मर्म समजून घ्यायचे आणि इथल्या हत्यारांनी तशीच उभी करायची, ही रीत कोल्हापूरला नवी नाही. बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा शहरातच तयार केला आणि 'सैरंध्री' हा मूकपट १९२० मध्ये पडद्यावर आणला. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांत आज लेथपासून सीएनसी यंत्रापर्यंत सारे काही आहे. गिटारचा ब्रिज, तारा अडकविण्याची पट्टी, पिकअपवरील आवरणे यांसारखे धातूचे भाग पंपांचे आणि इंजिनांचे सुटे भाग करणाऱ्या हातांना जड नाहीत.

वाद्याच्या बाबतीत मात्र पाहावे लागते ते रेल्वेने तासाभरावर असलेल्या मिरजेकडे. मिरजेतील सतार-तंबोऱ्याचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी उभा केला. शस्त्रांना धार लावणारे, धातूकामात मुरलेले हे लोक. वाद्ये दुरुस्त करता करता त्यांनी ती उलगडून पाहिली आणि मग नवी घडविली. म्हणजे मिरजेच्या कलेचा उगमही एका अर्थाने प्रतिकृतीतच आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सतारीच्या घोडीवर जवारी काढताना तिथला कारागीर कानसेने जे साधतो, ते कोणत्याही मोजपट्टीने साधत नाही. गिटारच्या नटमधील खाचा घासताना आणि फ्रेट समतल करताना हाच संयम लागतो.

तरीही सतार घडविणाऱ्याकडे जाऊन 'एक डबल नेक करून द्या' म्हणण्यात अर्थ नाही. कारण सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. स्वर चुकला, तर पडदा सरकवता येतो. रागानुसार तो सरकवावाच लागतो. गिटारचा फ्रेट लाकडात खाच पाडून ठोकलेला असतो. खाच एकदा चुकली, की ती पट्टी गेली.

अठराचा भागाकार

या खाचांचे गणित सोपे वाटते. नट ते ब्रिज हे अंतर म्हणजे तारेची बोलती लांबी. ईडीएस-१२७५ साठी कंपनी ती २४ पूर्णांक ३/४ इंच, म्हणजे सुमारे ६२८.६५ मिलिमीटर सांगते. सप्तकाचे बारा समान भाग पाडायचे, तर उरलेल्या लांबीला दर वेळी १७.८१७ ने भागून पुढच्या फ्रेटची जागा काढतात. त्यानुसार पहिला फ्रेट नटपासून ३५.२८ मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर निम्म्यावर, ३१४.३ मिलिमीटरवर येतो.

गोम अशी, की पन्नाशीतल्या आणि साठीच्या सुरुवातीच्या गिब्सन गिटारींवर पट्टी धरली, तर बोलती लांबी २४ पूर्णांक ९/१६ इंचाच्या आसपासच भरते. जुने कारागीर १७.८१७ ऐवजी सरळ १८ ने भागत. त्या हिशेबाने बारावा फ्रेट सुमारे ३१२ मिलिमीटरवर येतो. दुप्पट केली, की २४.५७ इंच होतात. जाहिरातीतला आकडा एक आणि लाकडातला दुसरा. छापील माप घेऊन अचूक गणित करणाऱ्याची गिटार मूळ गिटारपेक्षा बाराव्या फ्रेटवर सव्वादोन मिलिमीटरने वेगळी निघते. मूळची सूक्ष्म बेसूरता जपायची, की स्वर शुद्ध करून घ्यायचा? प्रतिकृती जर भिंतीवर टांगण्यासाठी असेल, तर पहिला मार्ग घ्यावा. वाजविण्यासाठी असेल, तर बोलती लांबी जुन्या गिटारवरून आणि भागाकार नव्या गणितातून घ्यावा, असे आमचे मत आहे. हाताला ताण जुना लागतो आणि कानाला सूर नीट मिळतो.

बारा तारांच्या बाजूला आणखी एक तडजोड ठरलेली. जुन्या पद्धतीच्या ब्रिजवर सहाच खोगिरे असतात. म्हणजे जाड आणि बारीक तारेच्या जोडीला एकच खोगीर. दोघींच्या लांबीची गरज वेगळी असल्याने कोणत्या तरी एकीला थोडे सोसावे लागते.

महोगनीचा भाऊबंद

मूळ गिटारचे धड महोगनीचे. मध्य व दक्षिण अमेरिकेतील या वृक्षाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' करारानुसार नोव्हेंबर २००३ पासून नियंत्रण आहे. आयात केलेले लाकूड मिळते, पण महाग पडते. येथे मिरजेचा दाखला पुन्हा उपयोगी पडतो. सतार-तंबोऱ्यासाठी वापरले जाणारे तून, ज्याला बाजारात लाल देवदारही म्हणतात, हे महोगनीच्याच कुळातले आहे. आपला कडुनिंबही त्याच कुळातला. इंग्रजी व्यापारात तुनाला 'भारतीय महोगनी' असे नाव आहे. वजनाला ते महोगनीइतके किंवा किंचित हलके, रंगाने तांबूस आणि कापायला मऊ. एवढे रुंद धड एकाच फळीत मिळणे अवघड. दोन-तीन फळ्या सांधून घ्याव्या लागतात. डबल नेक सुमारे सहा किलोपर्यंत भरते, म्हणजे साध्या गिटारच्या जवळपास दुप्पट. अशा वेळी हलके लाकूड हा दोष नव्हे. नेकसाठी मात्र सरळ रेषांचे, गाठ नसलेले लाकूड निवडून घ्यावे. तेथे काटकसर केली, तर तारा चढविल्यावर ती वसूल होते.

फ्रेटबोर्डची गोष्ट उलटी आहे. तेथे मूळ लाकूडच आपल्याकडे आहे. ब्राझीलचे शिसव दुर्मिळ झाल्यावर साठच्या दशकाच्या अखेरीपासून जगातील गिटार कारखाने भारतीय शिसवाकडे वळले. ब्राझीलच्या शिसवाचा व्यापार १९९२ पासून जवळजवळ बंदच आहे. भारतीय शिसवाची कथाही सरळ नाही. अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने ऑगस्ट २०११ मध्ये गिब्सनच्या कारखान्यांवर छापे टाकले, त्यात भारतातून गेलेल्या शिसवी आणि एबनीच्या पट्ट्या जप्त झाल्या. अर्धवट घडविलेल्या पट्ट्यांची निर्यात भारतीय नियमांत बसते की नाही, असा तो वाद होता. २०१२ मध्ये तडजोड झाली. पुढे जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या सर्व जाती 'साइट्स'च्या यादीत गेल्या. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून त्यातून सवलत मिळाली.

सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या कोल्हापूरकराला ही भानगड परकी वाटू नये. लाकूड पावतीसह आणि परवानाधारक व्यापाऱ्याकडूनच घ्यावे. त्याहून उत्तम मार्ग म्हणजे जुने लाकूड. पेठांतील वाडे उतरताना शिसवी पलंग, देव्हारे, झोपाळ्याच्या फळ्या निघतात. एका नेकच्या फ्रेटबोर्डला साधारण अर्धा मीटर लांब, सहा सेंटिमीटर रुंद आणि सहा मिलिमीटर जाड पट्टी पुरते. पन्नास-पाऊणशे पावसाळे पाहिलेले असे लाकूड आता हलत नाही, वाकत नाही. टिंबर मार्केटमधील कोणतीही ताजी फळी त्याची बरोबरी करणार नाही.

ताण आणि गुंडाळी

सहा तारांचा हलका संच सुरात आणला, की नेकवर ४० ते ४५ किलोचा ताण येतो. बारा तारांच्या नेकवर त्याच्या दुपटीच्या आसपास. हा ताण नुसते लाकूड वर्षानुवर्षे सोसू शकत नाही. त्यासाठी नेकच्या पोटात पोलादी सळई घालतात आणि ती नटाने कमी-जास्त आवळता येते. गिब्सनच्याच थॅडियस मॅकह्यू यांची ही युक्ती; तिचे पेटंट १९२३ चे. सळईची चर किती खोल घ्यायची, हे फसले, तर नेक मागून फुटतो. बारा तारांच्या नेकबाबत ही भीती अधिक. म्हणून पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने आधी टाकाऊ लाकडावर एक अख्खा नेक करून, तारा चढवून, महिनाभर भिंतीला टेकवून ठेवावा. वेळ जातो, पण शिसवी पट्टी वाचते.

पिकअपचे मर्म गुंडाळीत आहे. गिब्सनचे अभियंता सेथ लव्हर यांनी पन्नासच्या दशकात 'हमबकर' शोधला. एकमेकींच्या उलट दिशेच्या दोन गुंडाळ्या शेजारी ठेवल्या, की विजेच्या तारांतून येणारी गुणगुण परस्पर कापली जाते आणि तारेचा आवाज मात्र राहतो. गणपतीच्या मंडपात जनरेटर आणि कामचलाऊ अर्थिंगवर वाजविणाऱ्यांना या शोधाची किंमत वेगळी सांगायला नको. एका गुंडाळीत सुमारे पाच हजार वेढे; चार पिकअपच्या आठ गुंडाळ्या, म्हणजे चाळीस हजार वेढे. तार ४२ गेजची, केसाहून बारीक. मोटारी रिवाइंड करणाऱ्या कारागिराला तत्त्व ठाऊक असते, पण इतकी बारीक तार त्याच्या यंत्रावर टिकत नाही. ताण जरा वाढला, की तुटते. हाताने गुंडाळलेल्या जुन्या पिकअपमध्ये वेढ्यांची संख्या सारखी नसे आणि त्यातूनच प्रत्येक गिटारचा आवाज थोडा निराळा होई. येथे तयार पिकअप विकत घेण्यात कमीपणा मानू नये.

रंगाबाबत अनेकांचा गोंधळ होतो. मूळचा चेरी लाल रंग नायट्रोसेल्युलोज लॅकरचा होता. आपल्याकडे फर्निचरवाले आणि जुने गाडी रंगविणारे त्याला 'एनसी' म्हणतात. आता सर्वत्र मेलामाइन आणि पीयू आले आहे. पीयू टिकाऊ, पण जाड थर देते आणि लाकडाच्या रेषा काचेखाली ठेवल्यासारख्या दिसतात. एनसी पातळ बसते, वर्षांनुवर्षे सुकत जाते आणि कालांतराने त्यावर बारीक तडे पडतात. हे तडे मुद्दाम पाडून, कडा खरवडून गिटार 'जुनी' करून देण्याची परदेशात फॅशन आहे. न वाजविलेल्या गिटारवर वाजविल्याच्या खुणा काढणे आम्हाला रुचत नाही.

नाव कोणाचे?

डोक्यावर 'गिब्सन' ही अक्षरे लिहायची की नाही, हा प्रश्न प्रत्येक प्रतिकृतीच्या शेवटी येतोच. उत्तर स्पष्ट आहे. नाव हे नोंदणीकृत व्यापारचिन्ह असते आणि दुसऱ्याचे चिन्ह लावून वस्तू विकणे भारतातही १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार गुन्हा ठरते. स्वतःपुरती केलेली गिटारही उद्या दुसऱ्याच्या हाती जाते आणि तेव्हा ती अस्सल म्हणून खपविली जाण्याचा धोका असतो. म्हणून जाणकार कारागीर डोक्याचा आकारही जरासा बदलतात, आपले नाव घालतात आणि नेकच्या सांध्यात, जेथे सहज कोणी पाहणार नाही, तेथे वर्ष कोरून ठेवतात.

काम शक्यतो दिवाळीनंतर हाती घ्यावे. कोल्हापूरच्या जुलैमध्ये लाकूड ओल शोषते, सांधे फुगतात आणि सरसही नीट धरत नाही. हिवाळ्यात सांधलेली, उन्हाळ्यात रंगविलेली गिटार पहिल्या पावसाळ्यात एकदा हलतेच. तेव्हा सळई पाव फेरा फिरवावी लागते आणि ब्रिजची उंची नव्याने लावावी लागते. पट्टा मात्र पहिल्या दिवसापासून रुंद, चामड्याचा घ्यावा. सहा किलोचे वाद्य तासभर गळ्यात घेऊन उभे राहायचे असते.